गिटार शिकताना समोर कोण बसतं?

मंडळी, दुबई-शारजातल्या मराठी घरांचे दिवाणखाने जरा आठवून पाहा. पूर्वी कोपऱ्यात खोळ घातलेली पेटी असायची, जमलं तर तबल्याची जोडी. हल्ली त्याच कोपऱ्यात स्टँडवर इलेक्ट्रिक गिटार उभी दिसते. बहुतेक वेळा ती घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची किंवा मुलीची असते. कधीकधी (हे जरा हळू आवाजात) ती वडिलांचीही असते, कारण कॉलेजात राहून गेलेली हौस चाळिशीत भागवण्याइतका पगार आता असतो. दुकानात गिटार, डब्याएवढा अ‍ॅम्प्लिफायर, वायर, पट्टा आणि पिकं असं सगळं एकाच खोक्यात मिळतं. घरी आल्यावर तीन महिने दणक्यात जातात. सहाव्या महिन्यात आवाज कमी होतो, आणि वर्षभरात गिटार बॅगांच्या मागे जाऊन उभी राहते. उन्हाळ्यात सगळे देशात गेले की बंद फ्लॅटच्या दमट उकाड्यात तिच्या तारा गंजतात, आणि सप्टेंबरात ‘आता तारा बदलायच्या आहेत’ हे न वाजवायला आणखी एक चांगलं कारण मिळतं.

का बरं असं होतं? ‘वेळच मिळत नाही’ हे उत्तर आम्हांला पटत नाही. शारजा-दुबई रस्त्यावर रोज दोन तास घालवणारी माणसंसुद्धा अर्धा तास काढतात, मुलं तर काढतातच. ‘हात नाही’ हे उत्तर तर त्याहून पटत नाही. आमचं निरीक्षण असं की वाजवणाऱ्याकडून सूर बाहेर जातो, पण त्याच्याकडे परत काहीच येत नाही. परत येणं म्हणजे फीडबॅक. मराठीत याला ‘अभिप्राय’ म्हणतात, ‘प्रतिसाद’ म्हणतात, पण दोन्ही शब्दांना समारंभाचा वास आहे. अभिप्राय वहीत लिहितात आणि प्रतिसाद टाळ्यांतून मिळतो. आम्हांला हवा आहे तो अर्थ वेगळा आणि जरा कोरडा आहे, म्हणून इंजिनिअरांचा फीडबॅक हाच शब्द ठेवतो.

हेरॉल्ड ब्लॅक नावाचा बेल लॅबोरेटरीजचा एक तरुण इंजिनिअर २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर निघाला होता. टेलिफोनच्या लांब तारांवर जागोजागी अ‍ॅम्प्लिफायर बसवावे लागत, आणि प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर मूळ आवाजात आपला थोडा बिघाड मिसळत असे. तो बिघाड काढायचा कसा, या प्रश्नाशी ब्लॅक काही वर्षं झगडत होता. त्या सकाळी त्याला सुचलं की बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा हिस्सा उलटा करून परत आत आणावा, म्हणजे जे चुकलं आहे ते स्वतःलाच खोडून काढेल. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर त्यानं ती आकृती काढली. आम्ही परदेशात एम.एस. करताना हे समीकरणांत शिकलो, आणि नोकरीत ते एअर कंडिशनिंगच्या वाल्व्हना लावलं. गिटारला ते तसंच लागू पडतं हे मात्र गिटार हातात आल्याशिवाय कळत नाही.

इलेक्ट्रिक गिटारवाल्यांच्या जगात ‘फीडबॅक’ म्हणजे आणखी वेगळीच गोष्ट. गिटार स्पीकरसमोर धरली की स्पीकरचा आवाज तारेला हलवतो, तार पिकअपला, पिकअप अ‍ॅम्प्लिफायरला, आणि तो पुन्हा स्पीकरला. चक्र फिरत राहतं आणि किंकाळी उठते. मंडळाच्या कार्यक्रमात माइकची शिट्टी वाजते तीच ही. बीटल्सनी १९६४ साली ‘आय फील फाइन’ या गाण्याची सुरुवातच या आवाजानं केली, आणि जिमी हेंड्रिक्सनं १९६९ साली वुडस्टॉकला त्याच आवाजातून अमेरिकेचं राष्ट्रगीत उभं केलं. ब्लॅकचा फीडबॅक चूक खोडणारा, हा वाढवणारा. शिकणाऱ्याला दोन्ही भेटतात, आणि घरात कोणता मिळतो यावर बरंच अवलंबून असतं. त्याकडे पुढे येऊच.

आधी या वाद्याचा स्वभाव पाहू. पोलादी तार, तिच्याखाली चुंबक, चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते, एवढाच पिकअप. त्याला सूर आणि कुरकुर यांतला फरक कळत नाही. बोट तारेवरून घसरल्याचा आवाज, न छेडलेल्या शेजारच्या तारेची गुणगुण, पिकाची टकटक, सगळं तो सारख्याच निष्ठेनं पुढे पाठवतो. साध्या गिटारवर सूर काढायला मेहनत लागते. इलेक्ट्रिकवर सूर फुंकर मारल्यासारखा निघतो, मेहनत लागते ती नको असलेला आवाज थांबवायला. उजव्या हाताचा तळवा पुलाजवळ हलकेच टेकवून जाड तारा गप्प करायच्या, डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी बारीक तारा, आणि यांच्यामधून एकच तार बोलू द्यायची. सतारीवर तरफांनी आपणहून गुंजावं म्हणून त्या मुद्दाम लावतात, इथे नेमकं उलटं. २००७ साली दुबईच्या डेझर्ट रॉक महोत्सवात आयर्न मेडन आले होते, तेव्हा आमच्यातले दोघे गर्दीत होते. त्यांच्या आठवणीत राहिल्या त्या वेगवान तानांपेक्षा तिन्ही गिटार एकदम थांबायच्या त्या जागा.

आता गंमत अशी की नवशिका पहिल्या दिवशी डिस्टॉर्शनचं बटण दाबतो. डिस्टॉर्शन म्हणजे लाटेचे शेंडे छाटणं. शेंडे छाटले की जोरात आणि हळू वाजवलेल्या सुरांतला फरक पुसला जातो. आघात कमीजास्त पडत असले तरी सगळं सारखंच दमदार ऐकू येतं. उलट जे हळू आणि नको असलेलं, ती शेजारच्या तारेची गुणगुण, ती मोठी होऊन येते. म्हणजे हे बटण एक चूक लपवतं आणि दुसरी मोठी करून दाखवतं. हे माहीत असेल तर अ‍ॅम्प्लिफायरसारखा मास्तर नाही. आघात एकसारखे करायचे असतील तेव्हा बटण बंद, तारा गप्प करायला शिकायचं असेल तेव्हा चालू. एवढ्या एका अदलाबदलीनं पंधरा दिवसांत हात बदललेले आम्ही पाहिले आहेत. शिकवणीचा खर्च त्यात शून्य.

तार ओढून सूर चढवणं, ज्याला बेंड म्हणतात आणि आपण मींड म्हणू, तेही असंच. सा चा रे करायचा तर कंपनसंख्या सुमारे १२ टक्क्यांनी वाढवावी लागते. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढते, म्हणून तारेचा ताण जवळजवळ २६ टक्के वाढवावा लागतो. एकट्या बोटाला हे झेपत नाही. मागे दोन बोटांचा आधार आणि मनगटाची फिरकी हवी. पण ताकद आली तरी थांबायचं कुठे? इथे आधी दोन पडदे पुढचा सूर साधा वाजवून घ्यावा, तो कानात असतानाच मागे येऊन तार ओढावी, आणि लगेच पुन्हा पुढचा सूर वाजवून ताडून पाहावा. प्रमाण, प्रयत्न, फरक. तंबोऱ्यावर षड्ज लावून बसणाऱ्या आपल्या गवयांना हे नवीन नाही.

मग क्लास कशाला असतो, असं कोणी विचारेल. क्लास हवाच, आणि इथे शिक्षकही उत्तम मिळतात. कोणी गोव्याचा, कोणी फिलिपिन्सचा, कोणी लेबनॉनचा. अबुधाबीत तर सादियात बेटावर २०२० पासून बर्कलीचं केंद्र आहे. अडचण उशिराची आहे. हिशेब करू. मिनिटाला ६० ठोके अशा लयीत चार मात्रांचा एक तुकडा वाजवायला चार सेकंद लागतात, म्हणजे मिनिटात पंधरा वेळा. रोज फक्त दहा मिनिटं तोच तुकडा घोटला तर दीडशे वेळा, आणि पुढच्या क्लासपर्यंतच्या सहा दिवसांत नऊशे वेळा. तिसऱ्या मात्रेला करंगळी जर उशिरा पडत असेल, तर शिक्षकानं ते दाखवून देईपर्यंत ती नऊशे वेळा उशिरा पडलेली असते, आणि हाताच्या दृष्टीनं तोच तुकडा खरा झालेला असतो. पुढचा आठवडा तो पुसण्यात जातो. रियाझानं हात पक्का होतो हे खरंच आहे, पण काय पक्कं होतं ते रियाझ विचारत नाही.

जुन्या पद्धतीत गुरू समोर बसत, नाहीतर निदान शेजारच्या खोलीत तरी असत. पलटा चुकला की आतून खाकरण्याचा आवाज येई. तो खाकरा एका सेकंदात पोहोचत असे, आठवड्यानं नव्हे.

मुंबईच्या सिनेसंगीतात ही गोष्ट आणखी कडक होती. साठ-सत्तरच्या दशकांत गायक आणि पन्नास-साठ वादक बहुधा एकत्रच ध्वनिमुद्रण करत. त्यातले कितीतरी गोव्याचे. चर्चच्या गावशाळांतून लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकलेले, त्यामुळे सेबॅस्टियन डिसोझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी कागदावर लिहिलेलं तिथल्या तिथे वाजवणारे. (प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू म्हणजे हेच गोन्साल्विस. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात नाव आलं ते यांचं.) गिटारवाल्याचं बोट एका जागी घसरलं की टेक वाया. लता मंगेशकर किंवा आशा भोसले माइकसमोरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार, आणि साठ माना गिटारच्या दिशेनं वळणार. ‘हरे रामा हरे कृष्णा’तल्या ‘दम मारो दम’ची १९७१ सालची ती गिटार आजही दुबईतला प्रत्येक पोरगा वाजवायला बघतो. ती वाजवली भूपिंदर सिंग यांनी, ज्यांना पुढे बहुतेकांनी गझलगायक म्हणूनच ओळखलं. त्या सुरावटीत वेग काहीच नाही. प्रत्येक सूर कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो तेवढंच आहे. आज प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित होतं, चुकलेली जागा तेवढीच बदलता येते. सोय मोठी झाली, पण त्या साठ माना गेल्या.

सरावाबद्दल शास्त्रज्ञांनी काय शोधलं, तेही थोडक्यात. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ सालच्या पुस्तकानं त्यातून ‘दहा हजार तास’ एवढंच उचललं आणि जगभरच्या पालकांनी घड्याळं लावली. एरिक्सन मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले की नुसते तास मोजून काही होत नाही. सरावाला नेमकं उद्दिष्ट हवं आणि प्रत्येक प्रयत्नानंतर तो कसा झाला ते कळायला हवं. याला एक पुरवणी आहे, ती पालकांनी जरूर वाचावी. सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर या तिघांनी १९८४ साली हालचाली शिकण्यावरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले. प्रत्येक वेळी लगेच सूचना मिळणारे लोक सरावाच्या वेळी सरस दिसतात, पण सूचना बंद झाल्या की मागे पडतात, असं त्यांत दिसून आलं. सूचनेची कुबडी होते. कंट्रोलच्या भाषेत सांगायचं तर गेन फार वाढवला की यंत्र स्थिर होण्याऐवजी हेलकावे खायला लागतं. स्वयंपाकघरातून दर दोन मिनिटांनी ‘चुकलं, पुन्हा घे’ असं ओरडणारी आई आणि दर दोन मिनिटांनी मोबाइलवरून मान वर करून ‘व्वा, मस्त!’ म्हणणारे बाबा, दोघंही त्या माइकच्या शिट्टीच्याच जातीचे. ‘चुकलं’ यातून चूक कुठे, किती आणि कोणत्या बाजूला ते कळत नाही. ‘मस्त’मधून तर काहीच कळत नाही.

मंडळाच्या कार्यक्रमांचं याहून वेगळं नाही. मुलगा गणपतीत किंवा दिवाळीत तीन मिनिटं वाजवतो. टाळ्या, प्रशस्तिपत्र, फोटो, बटाटेवडा. आमच्या ओळखीतला पंधरा वर्षांचा एक मुलगा अशाच एका कार्यक्रमानंतर घरी आला आणि म्हणाला, “काका, मी वाईट वाजवलं. सगळे छान म्हणाले. म्हणजे कोणी ऐकलंच नाही.” त्यानंतर दोन महिने त्यानं गिटारला हात लावला नाही. आम्ही हा लेख लिहायला बसलो त्यामागे बरंचसं हे वाक्य आहे.

त्यातूनच आमच्या चार घरांची बैठक सुरू झाली. महिन्यातला दुसरा शनिवार, संध्याकाळी पाच ते सात, आळीपाळीनं एकेकाच्या घरी. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवतो, आणि रमझानमध्ये इफ्तारची वेळ टाळून बसतो. छोटा अ‍ॅम्प्लिफायर, आवाज बोलण्याइतकाच. प्रत्येकानं तीन मिनिटं वाजवायचं, मोठ्यांनीही. यातून सूट नाही, कारण काकांचं बोट अडखळताना पाहिलं की मुलांच्या खांद्यांवरचं ओझं उतरतं. नियम एकच. ऐकणाऱ्यानं एकच गोष्ट सांगायची, आणि ती अशी सांगायची की वाजवणाऱ्याला लगेच तीनदा करून पाहता येईल. ‘फील आला नाही’ चालत नाही. ‘दुसऱ्या ओळीत लय पळते’ चालतं. ‘तार ओढतोस तेव्हा सूर थोडा खाली राहतो’ चालतं. पहिल्या दोन बैठकांत सगळ्यांना बोलायला इतकं अवघड गेलं की शांतताच फार झाली. आपल्याकडे एकतर कौतुक करायची सवय असते नाहीतर पुणेरी पाटी लावायची. मधलं काही शिकावंच लागतं.

मधल्या तीन आठवड्यांसाठी फोन आहे. रोजच्या सरावातली फक्त शेवटची दोन मिनिटं मुद्रित करायची आणि दुसऱ्या दिवशी सुरुवातीला ऐकायची. वाजवताना लक्ष बोटांत गुंतलेलं असतं, कान अर्धे बंद असतात. दुसऱ्या दिवशी तेच ऐकताना आपण परके असतो. मुलांना हे आरशासारखं वाटतं, आधी अजिबात आवडत नाही आणि मग सवय होते. एक तांत्रिक सूचना मात्र पाळा. ब्लूटूथचे हेडफोन लावून सराव करू नका. त्यांत आवाज पुष्कळदा सेकंदाच्या एक दशांशाहूनही उशिरा पोहोचतो. तेवढ्या वेळात हवेतून आवाज सुमारे ३४ मीटर जातो, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर इमारतीच्या खाली पार्किंगमध्ये ठेवून वरून वाजवल्यासारखं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत चौपटीनं वाजवलं तर दोन सुरांत १२५ मिलिसेकंदांचंच अंतर असतं. जवळजवळ एक सूर मागे ऐकत कोण लय सांभाळेल? साधा वायरवाला हेडफोन पुरतो. आणि गिटार गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका. जुलैतल्या डिकीत डिंक सुटतो.

तो पंधरा वर्षांचा मुलगा आता सोळाचा आहे आणि बैठकीला येतो. फार पुढे गेला असं म्हणणार नाही, पण तारा गप्प करायला शिकला आहे, आणि दुसऱ्यांच्या वाजवण्यातली जागा बोट ठेवून सांगण्यात आमच्या सगळ्यांपेक्षा तरबेज आहे. त्याचं एक कारण म्हणजे एका घरी साताऱ्याहून आलेल्या आजी. व्हिजिट व्हिसावर तीन महिने आल्या होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, तरुणपणी भजनी मंडळात टाळ धरलेल्या. इलेक्ट्रिक गिटार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा इथेच जवळून पाहिली, आणि पहिल्या दिवशी “हे प्लगला का लावतात?” असं विचारलं. पण मांडीवर हातानं ठेका धरून त्या बसायच्या, आणि मुलाची लय पळाली की त्यांचा हात नेमका तिथेच थांबायचा. तोंडानं काही नाही. मुलगा वर बघायचा, आणि त्याच जागेपासून पुन्हा घ्यायचा. तीन महिन्यांत त्या एकूण चार वाक्यं बोलल्या असतील, त्यांतलं एक चहात साखर कमी असल्याबद्दल होतं.

आता त्या साताऱ्याला परत गेल्या आहेत. मुलगा दोन मिनिटांचं मुद्रण त्यांच्या मुलीच्या फोनवर पाठवतो. मुलगी दुपारी त्यांना ऐकवते, आणि संध्याकाळपर्यंत आजींचा आवाज येतो: “बाळा, मधे कुठंतरी पळालास. परत पाठव.” कुठे, ते त्या सांगत नाहीत. मुलगा म्हणतो, ते शोधायला त्याला साधारण वीस मिनिटं लागतात.